मोटारीच्या मुखी गंगा

मोटारीतलं पाणी बदलायला किती वेळ लागतो, असं मदारसाबला विचारलं तर तो सांगेल की एक विडी ओढून होईपर्यंत. मला त्याच कामासाठी एक जोशीबुवा, एक फौजदार, बैलांची एक जोडी आणि एक अख्खी नदी लागली. अब्रू गेली ती वेगळीच.

आता, माझी अब्रू ही काही वाटेवर पडलेली अब्रू नव्हे. हुमनाबादच्या मुन्सफ कोर्टात मी वकिली करतो. निजामसरकारच्या राज्यात वकील म्हणजे अंगावर शेरवानी, तोंडात उर्दू आणि पोटात मराठी असा प्राणी. त्यातून मी हळ्ळीखेडहून हुमनाबादेला स्वतःच्या मोटारीनं जाणारा. गावात दुसरी मोटार नव्हती. माझीला कापडाचं टप होतं, एक दरवाजा सुतळीनं बांधलेला होता आणि भोंगा दाबला की म्हशीला रेडकू आठवावं असा आवाज निघायचा. तरीही ती मोटार होती. लोक मला 'मोटारवाले वकील' म्हणत आणि मी ते ऐकू आलं नाही असं दाखवत दोनदा ऐकून घेत असे.

मोटारीला पाणी लागतं हे मला ठाऊक होतं. इंजिन तापतं, त्याच्या अंगाभोवती पाणी खेळतं, ते पुढच्या जाळीत येऊन वाऱ्यानं निवतं आणि परत आत जातं. ही विद्या मला गाडी विकणाऱ्या इंजिनियरसाहेबांनी दिली. पाणी कमी झालं की भरायचं, एवढंच ते बोलले. ते बदलायचंही असतं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. देवाच्या तांब्यातलं पाणी आपण रोज बदलतो, रांजणातलं दोन-चार दिवसांनी बदलतो, पण लोखंडाला शिळ्याताज्याचं काय, असा माझा बिनतोड युक्तिवाद होता. तो कुणापुढे मांडला नव्हता म्हणून टिकून होता.

त्या साली संक्रांत झाली आणि मोटार रागवायला लागली. गावाबाहेरचा चढ चढला की तिच्या नाकातून वाफ निघायची, मग ती थांबायची आणि तिच्याभोवती माणसं थांबायची. आमच्याकडे माणसाला काही येत नसलं तरी सल्ला देता येतो. शेजारचे बसवंतप्पा आडत्ये. तुरीची प्रत हातात घेऊन सांगतील, पण मोटारीची प्रकृती त्यांनी नुसती लांबून ओळखली.

"वकीलसाब, ही उष्ण अंगाची हाय. रोज सकाळी तांब्याभर ताक पाजा तिला," ते म्हणाले.

पलीकडचे राघोबा हे जुने पटवारी. त्यांनी डोळे मिटून निदान केलं की हिला हळ्ळीखेडचं पाणी मानवत नाही, पाणी बदललं पाहिजे. त्यांचा मेहुणा असाच वायूनं फुगला होता, त्याला बिदरला नेऊन झऱ्याच्या पाण्यावर ठेवलं आणि तो बरा झाला. तेव्हा मोटारही आठ-पंधरा दिवस बिदरला हवापालटासाठी ठेवावी. मी मोठ्यानं हसलो. हसलो हे चुकलंच, कारण दोन दिवसांनी मदारसाबही तेच वाक्य बोलला.

मदारसाब बिदर-हुमनाबाद सर्विस मोटार चालवायचा. स्वतःची मोटार बंद पडली की दुसऱ्याच्या मोटारीत दोष काढायला त्याला फार आवडायचं. त्यानं माझ्या रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरून उघडलं, आत बोट बुडवलं आणि ते बोट मला असं दाखवलं, जसा काही कोर्टात मुद्देमाल दाखवतोय. बोट विटकरी झालं होतं.

"पानी कब बदले थे, वकीलसाब?"

मी म्हणालो, बदललं नाही, भरत आलोय.

"हौ? जबसे गाडी आयी तबसे वहीच पानी?" असं म्हणून त्यानं बघ्यांकडे असं पाहिलं की मी गाडीला उपाशी मारलंय असं त्यांना वाटावं.

मग त्यानं व्याख्यान दिलं. त्यातला पाल्हाळ आणि त्याच्या उस्तादाची थोरवी वगळली तर सार असं होतं: आमच्या आडाचं पाणी जड. तापलं की त्यातला चुना आतल्या बारीक नळ्यांना धरतो. जुनं पाणी लोखंडाला खातं, त्याचा गंज सुटतो आणि तोही त्याच नळ्यांत जाऊन बसतो. नळ्या तुंबल्या की पाणी फिरत नाही, फिरलं नाही की निवत नाही आणि निवलं नाही की इंजिन चिकटतं. म्हणून पाणी लाल दिसायला लागलं की बदलायचं, आणि नाही दिसलं तरी उन्हाळ्याच्या आधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा बदलायचंच. खालची तोटी सोडून सगळं वाहू द्यायचं, धुण्याच्या सोड्यानं आतून धुवायचं आणि मग हलकं, गोडं पाणी भरायचं. इंजिन गरम असताना मात्र हात लावायचा नाही.

सुशीलाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, दाराआडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, एवढंच ना, आपल्या न्हाणीतल्या बंबालाही आतून पांढरं कवच धरतं, मी दर दिवाळीला चिंच घालून काढते. अहो, मला विचारलं असतंत तर? मोटारीबद्दल बायकोला विचारायचं, इतकी वेळ माझ्यावर तोवर आलेली नव्हती.

जुम्म्याला कोर्ट बंद असतं. त्या दिवशी सकाळी येऊन पाणी बदलून देतो, तोवर गाडी काढू नका, असं मदारसाब सांगून गेला. पण आदल्या दिवशी, बेस्तरवारी, माझी एक तारीख होती आणि मोटार दारात असताना वकिलानं बैलगाडीतून कोर्टात उतरणं हे पक्षकाराच्या मनावर वाईट परिणाम करतं. मी मोटार काढली. जाताना ती फक्त कुरकुरली. येताना गावाच्या वेशीपासून तिनं असा काही आवाज धरला की कुत्री भुंकायची थांबली. दारात आणून उभी केली तेव्हा ती आतून गदगदत होती, तोंडातून वाफा, घशात खळखळ. मी झाकण काढून ठेवलं, दूर झालो, ओसरीवर येऊन बसलो, टोपी काढली आणि सुशीलाबाईंना म्हणालो, "आता काही खरं नाही. घरघर लागली."

एवढंच बोललो. आणि पाणी प्यायला आत गेलो.

इथे राजूआत्याची ओळख करून दिली पाहिजे. ती माझ्या वडिलांची बहीण. लहान वयात कपाळ पांढरं झालं तेव्हापासून आमच्याच घरात. मला तिनंच वाढवलं आणि अजूनही वाढवतेय असं तिला वाटतं. दोन वर्षांपूर्वी ती गावच्या बायकांबरोबर काशीला जाऊन आली. येताना गंगेचे दोन गडू आणले. एक मावंद्याला फोडला, गावजेवण झालं. दुसरा तोंडाला डाग देऊन बंद केलेला तांब्याचा गडू तिनं देव्हाऱ्यात ठेवला. तो तिच्या शेवटासाठी. एक नवं पांढरं लुगडं, तुळशीच्या वाळल्या काड्या आणि हा गडू, एवढी तिची तयारी होती आणि ती तयारी ती आल्यागेल्याला हौसेनं दाखवायची. लोक लग्नाचा बस्ता दाखवतात तसा.

मी पाणी पिऊन बाहेर आलो तेव्हा आत्या मोटारीपुढे उभी होती. हातात तो गडू होता. त्याच्या तोंडावरचा डाग खलबत्त्याच्या बत्त्यानं फोडलेला होता. आणि गडू मोटारीच्या उघड्या तोंडात पालथा झालेला होता. शेवटचा थेंब पडेपर्यंत आत्या थांबली, डाव्या हातानं मोटारीचं तोंड पुसलं आणि 'राम राम' म्हणाली.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण झालं असं की दोन वर्षं देव्हाऱ्यात थंड बसलेलं ते पाणी आत गेलं आणि मोटार गप्प झाली. वाफ थांबली, खळखळ थांबली. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ते तडकायचंच, असं मदारसाबनं मागाहून सांगितलं. माझं तडकलं नाही हा त्याच्या मते इंजिनाचा चांगुलपणा होता. गावाच्या मते हा गंगेचा महिमा होता. दिवे लागायच्या आत सगळ्या गावाला कळलं की वकिलाची मोटार मरायला टेकली होती, तिच्या मुखी गंगा घातली आणि ती उठून बसली. सकाळी मी बाहेर आलो तर मोटारीला हळदकुंकू लागलं होतं आणि भोंग्यावर झेंडूची माळ होती.

मदारसाब ठरल्याप्रमाणे आला. पाना घेऊन मोटारीखाली शिरणार तोच आत्या मधे येऊन उभी राहिली.

"काय करायलास रे?"

पानी निकालताऊं, तो म्हणाला.

"कुठं सांडणार? इथं? जिथं कोंबड्या फिरतात, माणसं पायताणं घालून जातात, तिथं माझी गंगा सांडणार? माझ्या अंगावरनं जा मग."

मी मधे पडलो. तिला समजावलं की पाणी लाल झालंय, आतून नळ्या धुवायच्यात. मदारसाबनं हातातली सोड्याची पुडी दाखवली. ते बघून आत्याला गलबलून आलं. गंगेनं जगाचे मळ धुवायचे आणि हा गंगेलाच सोडा लावायला निघालाय, असं ती म्हणाली. मग तिनं मुख्य मुद्दा काढला.

"माझ्या शेवटाला आता काय घालशील रे तोंडात? आडाचं पाणी? मला काय परत काशी व्हायची हाय का आता? माझी गंगा मला परत पायजे, शिरपत. तवर मला मरता यायचं न्हाई."

राघोबा कुंपणावरून म्हणाले की मग बरंच झालं की, आक्का. आत्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चिंच फोडायच्या निमित्तानं आत गेले. पण ती थट्टा करत नव्हती. त्या दिवसापासून ती देव्हाऱ्यापुढे बसेना. रिकामा गडू पदराखाली घेऊन ओसरीवर बसायची, मोटारीवर नजर ठेवून. जेवणातली एक भाकरी अर्धी झाली. मला मोटारीचं इंजिन वाचवायचं होतं, तिला तिचं मरण वाचवायचं होतं, आणि दोन्ही एकाच टाकीत मिसळलं होतं.

मी जोशीबुवांकडे गेलो. मला वाटलं होतं, पाण्यात गंज आणि तेल मिसळलंय, तेव्हा ती आता गंगा नाही असा निकाल देतील आणि मी मोकळा होईन. जोशीबुवांनी पंचांग मिटलं, पान जमवलं आणि निकाल दिला तो भलताच. ओहोळ गंगेला मिळाला की तो ओहोळ राहत नाही, गंगाच होतो. म्हणजे गडूभर गंगेत मोटारीतलं जे पाणी मिसळलं ते सगळं गंगा झालं. ते वाहत्या नदीतच सोडलं पाहिजे. आमच्या बाजूची नदी कारंजा. ती मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदेला तर आपण गंगाच म्हणतो, तेव्हा गंगा गंगेला पोचेल. मी विचारलं, आणि उद्या यात आणखी घागरभर आडाचं पाणी घातलं तर? ते म्हणाले, तीही गंगा.

हा निकाल मी कुणाला सांगितला नव्हता, पण जोशीबुवांना सगळं पोटात ठेवायची सवय नव्हती. दुपारपासून बायका वाट्या, फुलपात्रं घेऊन यायला लागल्या. काशीला न जाता दारात गंगा, तीही न आटणारी. खालच्या सैल तोटीतून थेंब थेंब काढून न्यायच्या. लाल रंगाबद्दल कुणी तक्रार केली नाही. काशीची माती असेल, असं एकीनं दुसरीला सांगितलं. बसवंतप्पा बसवण्णांना मानणारे. त्यांच्यात तीर्थक्षेत्रं, पवित्र पाणी हे काही नसतं आणि ते त्यांनी मला कन्नडात आणि मराठीत दोनदा समजावलं. "अण्णा, पाणी म्हंजे पाणी. सोडा आन भरा." त्याच संध्याकाळी त्यांच्या मल्लव्वा पदराखाली तांब्या धरून मोटारीजवळ दिसल्या. मी घरात परत गेलो. शेजारधर्म पाळायचा असतो.

पाणी कमी होई तसं सुशीलाबाई आडाचं भरत आणि ते गंगा होई. नळ्यांत चुना बसतोय, इंजिन खराब होतंय, हे मला दिसत होतं. कोर्टात मी बैलगाडीतून जायला लागलो. मुन्सफसाहेबांनी एकदा उर्दूत फार अदबीनं विचारलं की वकीलसाहेबांकडे आजकाल काही जलधारा प्रकट झाल्याचं ऐकतो. सगळं कोर्ट हसलं. समोरचा वकील सगळ्यांत जास्त हसला.

तेव्हा ठरलं की मोटार कारंजेवर न्यायची. पण पेच पाहा. नदी लांब. तिथवर मोटार जायला हवी तर नवं पाणी हवं. नवं पाणी भरायचं तर जुनं काढायला हवं. जुनं काढायचं तर नदी हवी. घड्यात किंवा पिंपात काढून न्यावं म्हटलं तर आत्या म्हणाली, बायका नेतात ते तीर्थ, पण पोचवायची तर अख्खी, शेवटचा थेंब आत राहिला तर गंगेचे तुकडे होतील. वकिली तर्काला यावर उत्तर सापडलं नाही. बैलांना सापडलं. बसवंतप्पांनी त्यांची खिलार जोडी दिली, आणि देताना हेही बजावलं की हे मी शेजारी म्हणून देतोय, धर्म म्हणून नव्हे.

पुढच्या जुम्म्याला मोटारीपुढे बैल जुंपले. मी चाकाशी बसलो, मदारसाब शेजारी, मागं आत्या गडू घेऊन. सुशीलाबाईंनी ऐन वेळी डोकं दुखतं म्हणून घरात राहणं पसंत केलं. डोकं माझं दुखायला हवं होतं. गाव सोडेपर्यंत मागं बायका जमल्या, मग टाळ आले, मग कुणाची तरी हलगी आली. मी ओरडून सांगितलं की हे यंत्राच्या दुरुस्तीचं काम आहे. हलगी आणखी जोरात वाजली.

वाटेवरच्या ठाण्यापाशी शिपायानं हात आडवा केला. ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे आमच्याकडचे फौजदार, बाहेर आले. सभ्य, म्हातारे, दाढीला मेंदी लावलेले. निजामसरकारचा नियम असा की रिवाजानं चालत आलेली मिरवणूक वाजंत्रीसह काढता येते, पण नवी मिरवणूक काढायची तर आधी इजाजत हवी. त्यांनी हलगीकडे, टाळांकडे, झेंडूच्या माळेकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"वकीलसाब, ये जुलूस नया है या पुराना?"

मी म्हणालो, जनाब, हा जुलूसच नाही. ही माझी मोटार आहे आणि दुरुस्तीला चालली आहे.

"मोटार हाय तर बैल कशाला?" अमीनसाहेबांचा मुहर्रिर, म्हणजे लिहिणारा कारकून, आतून म्हणाला. तो आमच्याच मुलखातला होता.

मी सांगायला तोंड उघडलं, पण मागून आत्या बोलली. "गंगा चाललीया, बाबा. वाट सोडा." माझी सबंध कैफियत तिथंच पडली. गंगा असेल तर मिरवणूक, मिरवणूक असेल तर नवी, नवी असेल तर इजाजतीचा अर्ज, अर्ज हुमनाबादेहून बिदरला, बिदरहून परत. अमीनसाहेबांनाही ते नको होतं. त्यांनी खुर्ची मागवली, मला बसवलं, चहा मागवला. माझ्याच अशिलांपैकी दोघे जण लांब उभे राहून बघत होते.

शेवटी मुहर्रिरानं आत्यालाच विचारलं की गंगा मोटारीत गेली कशी. आत्यानं जसं घडलं तसं सांगितलं, घरघर लागली, मुखी गंगा घातली. मुहर्रिरानं मान हलवली आणि अमीनसाहेबांच्या कानाशी लागला. अमीनसाहेबांचा चेहरा उजळला.

"मय्यत को इजाजत की जरूरत नहीं," ते म्हणाले. "बस, बाजा नक्को."

म्हणजे माझी मोटार पुढे गेली ती अंत्ययात्रा म्हणून. हलगी आणि टाळ मागे राहिले. अमीनसाहेबांनी दोन शिपाई मदतीला दिले आणि ते मोटारीच्या दोन बाजूंनी माना खाली घालून चालले. अंत्ययात्रेत घरचा कर्ता गाडीत बसत नाही, म्हणून त्यांनी मला अदबीनं उतरवून पुढे चालायला लावलं आणि चाकाशी मदारसाबला बसवलं. शेतातली माणसं औत थांबवून हात जोडत. एका बांधावर गेल्याच महिन्यात मी ज्याच्याविरुद्ध दावा जिंकला तो शेतकरी उभा होता. तो धावत आला, मुंडासं काढलं.

"वकीलसाब, कोन गेलं?"

कुणी नाही, मी म्हणालो.

"मग असं कामून चालायलाव?" त्यानं मोटारीकडे पाहिलं, शिपायांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आमच्यासोबत चालायला लागला. दावा हरलेल्या माणसानं दाखवलेली एवढी माया मला फार लागली. त्याला खरं सांगायचा मला धीर झाला नाही.

कारंजेला पात्रात गुडघाभर पाणी होतं. बैल सोडले, मोटार उतारावरून पुढची चाकं पाण्यात जातील अशी ढकलली. मदारसाब खाली शिरला. आत्या पाण्यात उभी राहिली, तोटीखाली गडू धरून. पहिली धार आली ती गेरूच्या पाण्यासारखी, वर तेलाचे रंगीत वर्ख. आत्यानं गडू भरून घेतला आणि पदरानं झाकला.

"आत्या, ते टाक. ते विष आहे," मी म्हणालो.

"गंगेला विटाळ नसतो."

"विटाळ नाही, गंज आहे. तेल आहे. शेवटच्या घटकेला मी तुझ्या तोंडात हे घालायचं? शेवटची घटका तर यानंच यायची."

ती ऐकेना. मदारसाब खाली तोटी धरून पडला होता. इतके दिवस साठलेला माझा राग तिथं बाहेर आला. कोर्टातलं हसू, ती माळ, तो जनाजा, सगळं. मी म्हणालो, तुला कुणी सांगितलं होतं हे करायला? लोखंडाला घरघर लागते का? लोखंडाच्या तोंडात कुणी गंगा घालतं का? स्वतःच्या मरणाची ठेव अशी मोटारीत ओततात का?

आत्यानं गडूवरचा पदर काढला नाही. माझ्याकडे न बघताच बोलली.

"मी आत देव्हाऱ्यापाशी होते. तुझा आवाज आला, आता काही खरं न्हाई, घरघर लागली. कुणाला लागली, ते तू बोललास का? मला वाटलं तुलाच. बत्ता कुठं हाय ते सुचंना. गडू फोडला न् पळत आले, तर तू न्हाईस, आतून तुझ्या पाणी पिण्याचा आवाज येतोय. आन मोटार घरघरायलीया." "तू वाचलास म्हनून मला किती बरं वाटलं ते तुला काय सांगू. पन डाग फोडलेला गडू परत देव्हाऱ्यात कसा ठेवायचा? जिला घरघर, तिच्या तोंडात घातला."

उलटतपासणीत वकिलानं कधी उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये, असं मी नवशिक्यांना सांगत असतो. मला माझे सगळे प्रश्न परत घ्यावेसे वाटले. शेरवानीसकट मी पाण्यात उतरलो. तिच्या हातातून गडू घेतला, आणि या वेळी तिनं तो सोडला.

मदारसाबला मी म्हणालो, धू. त्यानं सोडा घालून नदीचं पाणी भरलं, हँडल मारून इंजिन थोडं फिरवलं, निवू दिलं, परत सोडून दिलं. मग वरून ओतत राहिला आणि खालून वाहू देत राहिला. खालून निर्मळ आलं की मगच थांबायचं, असा त्याच्या उस्तादाचा नियम होता. आधी लाल, मग पिवळं, मग गढूळ. आम्ही दोघं तोटीपाशी वाकून बघत उभे होतो. दावा हरलेला शेतकरी आणि शिपाईही वाकले. कळशीमागून कळशी ओतली गेली आणि अखेर खालून जे आलं त्यातून नदीतले गोटे दिसत होते. जोशीबुवांच्या निकालानं तीही गंगाच होती. त्या निकालाविरुद्ध अपील करायची मला मुळीच इच्छा नव्हती. मी गडू नदीत आतून घासला, तोटीखाली धरला, काठोकाठ भरला आणि आत्याला दिला.

"घे. आणि शंभर वर्षं तरी हे लागू नये तुला," मी म्हणालो.

आत्यानं गडू उजेडाकडे धरून पाहिला, वास घेतला आणि तिचं समाधान झालं.

"माझ्यासाठी कोन ठेवतंय आता?" ती म्हणाली. "घरात असलेला बरा. तुझ्या बोलन्याला आगापिछा नसतो."

मदारसाबनं तोटी आवळून पाणी भरलं आणि मोटार पहिल्याच हँडलला चालू झाली. आत्या पुढच्या जागेवर गडू मांडीत घेऊन बसली, मला मागं बसवलं, आणि घरापर्यंत मदारसाबला हळू चालव, सांडंल, असं सांगत राहिली.